ऐतिहासिक मालिकांतला मराठवाडा : काळाच्या आणि जोडणीच्या चुका इथे नोंदवा

गोदातीर (धागाकर्ता)

एकनाथ महाराज पहाटे गोदावरीवर स्नानाला निघालेत. ड्रोन वर वर जातो आणि पैठणच्या पाठीमागे आभाळाला टेकलेलं पाणी दिसतं. ते पाणी नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, उद्घाटन १९७६ चं. नाथांचा काळ १५३३ ते १५९९. पावणेचारशे वर्षांनंतर अडवलेलं पाणी नाथांच्या पहाटेत आलं, आणि लिहिणारा, दिग्दर्शक, संकलक, वाहिनीचे लोक यांच्यापैकी कुणालाही ते खटकलं नाही.

दुसरं उदाहरण देवगिरीचं. १२९६ साल, खिलजीची फौज येतेय अशी खबर आलीय, रामदेवराय तटावर उभे आहेत आणि त्यांच्या खांद्यामागे चांदमिनार. हा मिनार बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात उभारला. यादवांचं राज्य तोवर संपून शतक उलटून गेलं होतं. त्याच मालिकेत पुढे किल्ल्यावरची मेंढा तोफ दिसते. तिच्यावर औरंगजेबाचं नाव कोरलेलं आहे, कुणीही जाऊन बघावं. मुळात १२९६ च्या दख्खनेत तोफाच नव्हत्या.

तिसरं नांदेडचं. गुरू गोबिंदसिंहांचा अखेरचा काळ, १७०८. दृश्याच्या सुरुवातीला सचखंड गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट. आज आपण दर्शनाला जातो ते मंदिर महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान उभं राहिलं.

मालिकेचं आणि वाहिनीचं नाव इथे कुणी घेऊ नये ही विनंती. कुणाची निंदा करायला धागा काढलेला नाही. चूक सांगाल तेव्हा बरोबर काय असायला हवं होतं तेही सांगा, म्हणजे पुढे कुणी मराठवाड्यावर काही करायला घेतलं तर त्याला उपयोग होईल. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर इतकं चित्रण झालंय की एखादी मालिका चुकली तरी दुसरी बरोबर दाखवते. आपल्या भागाच्या वाट्याला वर्षानुवर्षांतून एखादं कथानक येतं. तेवढ्यातही चुकीचंच दिसलं तर लेकरं तेच खरं धरून बसतात.

शाळू

दादा, चांगलं केलंत. मी शेतकरी माणूस, जिंतूर तालुक्यातला. मला इमारतीतलं काही कळत नाही, पण पडद्यावरचं रान बघून लई तळमळ होते.

स्वराज्याचं घोडदळ सूर्यफुलातून दौडत जातंय असं दाखवायलेत. सूर्यफूल मूळ अमेरिकेचं, आणि आपल्याकडं ते शेतात पेरायला लागले १९७० नंतर. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा पेरलं तेव्हा बघायला शेजारच्या गावचे लोक आलते. सोयाबीन तर त्याच्याही मागून आलं. आता सगळा मराठवाडा सोयाबीननं भरलाय, म्हणून कॅमेरा लावला की तेच दिसतं.

ज्वारी बघा. तीनशे वर्षांपूर्वीची म्हणून कमरेएवढी, सगळी एका उंचीची ज्वारी दाखवतात. ती संकरित आहे. पहिलं संकरित वाण १९६४ ला आलं. देशी ज्वारी घोड्यावरचा माणूस झाकील एवढी उंच वाढायची, आणि प्रत्येक ताट निराळं. गनिमी काव्यात ज्वारीच्या रानात माणसं लपली म्हणतात, ती ह्या उंचीमुळं. बुटक्या ज्वारीत बसलेले मावळे बाहेरूनच दिसायलेत, मग त्या प्रसंगाला अर्थ काय राहिला?

आता तण. ज्ञानेश्वर माउली आपेगावातून चाललेत आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना गाजरगवत फुललंय. आम्ही त्याला काँग्रेस म्हणतो. पुण्याकडं ते पहिल्यांदा ध्यानात आलं १९५५-५६ च्या सुमारास, तिथून देशभर पसरलं. तेराव्या शतकाच्या वाटेवर ते कुठून येणार? नदीकाठी बेशरम दिसतो, तो दक्षिण अमेरिकेचा. येडी बाभळ एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणलेली. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. गुलमोहर मादागास्करचा, आणि दिग्दर्शकांना तो लाल फुलांमुळं फार आवडतो. लाल फूल पाहिजे असंल तर पळस घ्या ना! फाल्गुनात बालाघाटाच्या डोंगरात पळस फुलला की दुसरं काही लागत नाही. बाभूळ, हिवर, लिंब, बोर, चिंच, वड, आपटा, वढ्याच्या कडंला शिंदी, ही आपली जुनी झाडं. चित्रण करायच्या आधी गावातला एखादा म्हातारा सोबत घेऊन रान फिरलं तर एका सकाळीत सगळं कळंल.

चूल_वैल

शाळू भाऊ, रानातलं तुम्ही सांगितलंत, मी स्वयंपाकघरातलं सांगते.

तेराव्या शतकातल्या घरात वाळलेल्या लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या असतात. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली. त्यांनी गोवा घेतला १५१० ला, म्हणजे ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर दोनशे वीस वर्षांनी. त्याआधी तिखटपणाला मिरे, सुंठ, आलं, पिंपळी. टोपलीत बटाटे, टोमॅटो, मक्याची कणसं ठेवतात, तीही सगळी त्याच वाटेनं आलेली. शेंगदाण्याचंही तेच. आपल्याकडची जुनी तेलं करडईची, तिळाची, जवसाची. करडईचं तेल तर मराठवाड्याची ओळख, आणि आजवर एकाही मालिकेत मला घाणा दिसलेला नाही.

सतराव्या शतकातल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी दाखवलेली पाहून मी टीव्हीसमोरच बोलले. आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून करतात, आणि तमिळनाडूत सेलमकडे तो बनायला लागला १९४० च्या दशकात. उपवासाला भगर दाखवा, राजगिरा दाखवा. माझी आजी शेवटपर्यंत भगरीवरच उपवास करायची.

भांड्यांचं तर बघवत नाही. ॲल्युमिनियमची पातेली! तो धातू स्वस्तात काढण्याची रीतच १८८६ ला सापडली. तांबं, पितळ, कासं, माती, लोखंडी तवा आणि लाकडी काठवट एवढ्यावर सगळं घर चालायचं. आणि भाकरी थापायची तर एखादी येणारी बाई हातासाठी घ्या. नायिका काठवटीत पीठ चिवडत बसते आणि पुढच्या शॉटमध्ये टम्म फुगलेली भाकरी ताटात येते. फुगलेली भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरावर लावतात, चुलीला जोडलेल्या वैलावर कोरड्यास रटरटत असतं. एवढं दाखवलं तर घर खरं वाटेल.

माळवद

घरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मालिकेत तेरचं गाव म्हणून उतरत्या कौलांची घरं आणि मागे नारळाची झाडं दाखवली होती. गोरोबा काकांचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं! आपल्याकडची घरं माळवदाची, धाब्याची. जाड भिंती, वर सागाच्या तुळया, तुळयांवर लाकडी किलचं, त्यावर पाला आणि मग पांढऱ्या मातीचा थर. उजेडाला आणि धूर जायला माळवदात सवणं. उन्हाळ्यात आत गार, आणि रात्री सगळं घर वर माळवदावर झोपायला. पाऊस कमी म्हणून सपाट छप्पर चालतं. कोकणात आणि घाटावरच्या पावसाळी भागात ते टिकणारच नाही, म्हणून तिकडे उतरतं छप्पर. हवामानातून घर घडतं, त्यामुळे घर चुकलं की अख्खा मुलूख चुकतो.

मंगलोरी कौलांचा तर काळही चुकतो. त्यांचा पहिला कारखाना मंगळुरात १८६५ ला निघाला. त्याआधीच्या कुठल्याही गोष्टीत ती सपाट, खाचांची लाल कौलं चालत नाहीत. दगडाचंही बघा. देवगिरीचा तट म्हणून जांभ्याची तांबडी भिंत दाखवतात, कारण चित्रण कोल्हापूर-कोकणाकडे झालेलं असतं. आपला दगड काळा, बेसाल्ट. वेरूळ, देवगिरी, औंढा, नळदुर्ग, परंडा, सगळं त्याच काळ्या दगडाचं.

यातली एक गोष्ट मात्र मी कुठल्याच कलादिग्दर्शकावर ढकलणार नाही. आमच्याकडे, औसा-उमरग्याच्या पट्ट्यात, ३० सप्टेंबर १९९३ नंतर माळवदं जवळजवळ राहिलीच नाहीत. भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा भार माणसांच्या अंगावर आला. जी घरं वाचली तीही लोकांनी भीतीपोटी उतरवली आणि पत्रा किंवा स्लॅब घातला. आम्हीही उतरवलं. त्या घरात जन्मलेल्या माणसालाही आता दाखवायला घर नाही. म्हणून पडद्यावर तरी ते नीट दिसावं असं वाटतं. धान्याचं बळद कुठे असायचं, पेव कुठे, भिंतीतल्या देवळीत दिवा कसा ठेवायचे, हे आता सांगितलं नाही तर कुठेच उरणार नाही.

संध्यासमई

सगळ्यांचं वाचतेय आणि पटतंयही. तरी एक विचारते. माझी आई बीडला असते, वय झालंय, घराबाहेर पडणं होत नाही. जनाबाईंचा प्रसंग बघताना ती रडली. मागे कुठलं झाड होतं ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. गोष्ट काळजाला भिडली तर गाजरगवतानं काय बिघडतं? प्रेक्षकानं चुका शोधत बसायचं की गोष्टीत रमायचं?

गोदातीर

ताई, आईंचं रडणं खरंच आहे, ते त्या प्रसंगाचं यश. पण जनाबाई गंगाखेडच्या. जातं, दळण, शेणी, लुगड्याचं ठिगळ, हे सगळं त्यांच्या अभंगातल्या कष्टांचं आहे. जातं फिरवताना कुठल्या हातानं वैरण टाकतात, खुंट्याला दोघी कशा धरतात, हे तुमच्या आईंना माहीत आहे. ते चुकलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं आणि कदाचित रडू आलंच नसतं. ज्याला जे माहीत आहे तिथे त्याचा विश्वास उडतो. शेतकऱ्याचा ज्वारीत उडतो, चूलवैल ताईंचा चुलीपाशी, माझा पैठणच्या घाटावर. शेवटी मराठवाड्याची गोष्ट मराठवाड्यातल्याच माणसाला परकी वाटायला लागते, आणि मग ती कुणासाठी केली हा प्रश्न उरतो.

पडद्यामागे

मी मूळचा परभणीचा. मुंबईत मालिकांवर सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक आहे कंटिन्युइटी, म्हणजे शॉटला शॉट जुळणं. अर्ध्या तासाच्या भागात जेमतेम बावीस मिनिटांचा मजकूर असतो, आणि रोजच्या मालिकेला तेवढं फुटेज साधारण रोज निघावं लागतं. गोष्टीच्या क्रमानं काहीच चित्रित होत नाही. दरबाराचा सेट लागला की पुढच्या कितीतरी भागांतले दरबाराचे प्रसंग एकदम उरकतात. कलाकाराच्या तारखा संपत आल्या तर त्याचे सगळे क्लोजअप आधी, समोरच्याचे नंतर, कधीकधी निराळ्या दिवशी. वाड्याचं बाहेरचं दार वाईला आणि आतला सोपा गोरेगावच्या सेटवर. जखमेची पट्टी डाव्या दंडावरून उजव्यावर जाते, समईच्या पाच वाती अर्ध्या वाक्यात दोन होतात, कपाळावरचं गंध जाड-बारीक होतं, ते या तुकड्यांमुळे. आम्ही प्रत्येक शॉटनंतर मोबाइलवर फोटो काढतो, मेकअपदादा आणि ड्रेसदादा आपापले फोटो ठेवतात. तरी रात्री उशिरा, शिफ्ट संपत आलेली असताना, पाठीमागच्या गर्दीतला एखादा पगडी बदलून उभा राहतोच. अबलख घोड्यावर निघालेला सरदार पांढऱ्या घोड्यावर पोचतो, कारण पहिला घोडा दुसऱ्या युनिटला दिलेला असतो.

अशा चुकांना प्रेक्षकांनी मोठ्या मनानं माफ करावं असं मला मनापासून वाटतं. बारा-तेरा तास उभं राहून काम करणाऱ्या माणसांच्या त्या चुका आहेत.

दुसरी गोष्ट काळाची. ती सेटवर नाही, लिहिण्याच्या टेबलावर चुकते. चांदमिनार दृश्यात आला तो शूटिंगच्या घाईमुळे नाही. देवगिरीचं काही फुटेज हवंय म्हणून तयार साठ्यातलं उचललं गेलं, आणि हे कुठल्या शतकातलं असं विचारणारा माणूस त्या साखळीत नव्हता. इतिहासाचे जाणकार नेमलेले असतात, पण बहुतेक वेळा त्यांच्याकडे संवाद आणि घटनाक्रम जातो, पार्श्वभूमीचं दृश्य जात नाही. झाडं, छप्परं, भांडी, दगड कुणी तपासत नाही. इथे वाचून कळलं की सगळ्यात जास्त चुका तिथेच आहेत.

अंतराचीही अशीच गत. घोडेस्वार सकाळी तुळजापूरहून निघाला आणि दिवेलागणीला देवगिरीत हजर, असं संवादातच लिहून आलं होतं. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट! मी बोललो तेव्हा "तीन दिवसांनी" एवढा एक शब्द बदलला आणि प्रश्न मिटला. खर्च शून्य.

वेरूळवाट

शहराबद्दल माझी भर. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्यावरच्या गोष्टीत लोक "औरंगाबाद" म्हणतात. त्यानं १६१० ला वसवलं ते खडकी. तो १६२६ ला गेला, त्यानंतर त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर झालं आणि औरंगाबाद नाव आलं १६५३ ला. आज छत्रपती संभाजीनगर. शहाजीराजांच्या तोंडी औरंगाबाद आलं तर तिथेच काळ मोडतो.

बीबीका मकबराही असाच कुठेही येतो. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू गेली १६५७ ला, मकबरा त्यानंतरचा. मलिक अंबराच्या खडकीत तो दिसता कामा नये. शहराचा तटसुद्धा औरंगजेबाच्या काळातला. मलिक अंबराची खूण दाखवायची तर भडकल दरवाजा आहे, तो त्यानंच बांधलेला, आणि जमिनीखालून खेळवलेली नहरे अंबरी आहे. इतकी मोठी गोष्ट, डोंगरातलं पाणी खापरी नळांनी शहरात आणलेलं, आणि मालिकेत तिच्यावर अर्धं मिनिटही खर्च होत नाही.

वेरूळला मालोजीराजांचा प्रसंग दाखवताना घृष्णेश्वराचं आजचं तांबड्या दगडाचं मंदिर घेतात. ते अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धारातलं, अठराव्या शतकातलं. औंढ्यालाही तसंच. खालचं काळ्या दगडाचं कोरीव काम जुनं, वरचं पांढरं शिखर नंतरचं. नामदेव महाराजांचा प्रसंग औंढ्याला घ्यायचा तर कॅमेरा खालच्या थरावर ठेवा, वर नेऊ नका. हे करायला पैसे लागत नाहीत.

फसली

मी नांदेड जिल्ह्यातला सेवानिवृत्त शिक्षक. निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामावर मालिका येतात त्यांबद्दल लिहितो, कारण ते शिवकाळासारखं लांबचं नाही. ते पाहिलेली माणसं माझ्या लहानपणी घरोघर होती.

निजामाच्या राज्यात चलन हाली सिक्क्याचं. नाण्यावर चारमिनार, इंग्रज राजाचं डोकं नाही. हाली आणि कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, यांचा भाव निराळा, शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये आणि वर काही आणे हाली. सरहद्दीवरच्या गावात बाजारहाट करताना हा हिशोब बायाबापड्यांनाही तोंडपाठ होता. मालिकेत मात्र रझाकारांचा माणूस जॉर्ज राजाच्या नोटा मोजत बसतो. नया पैसा तर १९५७ चा, तोही एका दृश्यात फरशीवर पडलेला दिसला.

जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला कलेक्टर म्हणत नसत, अव्वल तालुकदार म्हणत. कचेरीचे कागद उर्दूत. साल फसली, म्हणजे महसुली. सप्टेंबर १९४८ म्हणजे १३५७ फसली. भिंतीवर इंग्रजी महिन्यांचं कॅलेंडर लटकवून भागत नाही. लातूरला "जिल्हाधिकारी कार्यालय" अशी पाटी दाखवली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, जिल्हा झाला १९८२ ला. जालना जिल्हा झाला १९८१ ला, हिंगोली १९९९ ला.

रेल्वे ही निजाम स्टेट रेल्वे. मनमाड ते सिकंदराबाद लोहमार्ग मीटरगेज, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालेला. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी यायची, १९११ पासून. पडद्यावर ब्रॉडगेजचे रूळ, सिमेंटचे स्लीपर आणि वर विजेच्या तारा. बस म्हणून एसटीची लाल गाडी दाखवली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली, मुंबई राज्यात. निजाम राज्यात बसगाड्या रेल्वे खातं चालवायचं, १९३२ पासून.

झेंड्याची चूक मला सर्वांत जास्त लागते. १९३८ च्या विद्यार्थ्यांच्या वंदे मातरम् चळवळीत मुलांच्या हातात अशोकचक्राचा तिरंगा. तो २२ जुलै १९४७ ला स्वीकारला गेला. १९३८ ला तिरंग्यावर चरखा होता. त्या चरख्याच्या झेंड्यासाठी मार खाल्लेली मुलं होती, त्यांच्या हातातला झेंडा तरी बदलू नये. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांची नावं घेऊन मालिका करता ना, मग एवढी काळजी घ्यावी.

पूर्णाकाठ

गुरुजींच्या पोस्टला वंदन. फक्त बोलीबद्दल एक लिहिते. सगळी पात्रं पुणेरी बोलतात आणि रझाकार तेवढा हिंदी सिनेमातला. मराठवाड्यातला पाटील "कामून आलास?", "काय करायलास?" असं बोलतो आणि उर्दू शब्द सहज वापरतो, कारण कचेरी, शाळा, कोर्ट सगळं उर्दूत होतं. मराठी माणूस उत्तम उर्दू बोलतोय आणि त्याच भाषेत निजामाच्या अधिकाऱ्याला नकार देतोय, असा प्रसंग मला एकदा तरी बघायचाय. आमच्या घरातल्या जुन्या माणसांकडून असे किस्से ऐकलेत.

पडद्यामागे

फसली गुरुजी, तुमची पोस्ट मी आमच्या लेखकांना पाठवतोय. एक विचारायचं होतं. काही मित्र मिळून मुक्तिसंग्रामावर छोटा चित्रपट करतोय, नळदुर्ग-उमरगा भागातला. उन्हाळ्यात सुट्ट्या असतात म्हणून मे महिन्यात चित्रण करायचं चाललंय. लष्कराच्या जीपगाड्या, मागे धुळीचे लोट, असं दृश्य डोक्यात आहे. त्यात काही चुकतंय का?

फसली

चुकतंय. पोलीस कारवाई, म्हणजे भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली ती, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची. सोलापूरहून निघालेल्या फौजेनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला म्हणून पुढची वाट मोकळी झाली. पुलाचं एवढं महत्त्व कशामुळे? पावसाळा होता म्हणून. मे महिन्यात बोरीच्या पात्रातून कुणीही चालत जाईल, मग प्रेक्षकाला पुलाची लढाई कळणारच नाही.

शाळू

गुरुजींचं खरंय. सप्टेंबरात आपल्याकडं धूळ नसते, चिखल असतो. काळ्या रानात गाडी उतरली की चाकाला चिखलाचे गोळे चिकटतात, बैलसुद्धा रुततात, म्हणून फौज सडक सोडून जाणार नाही. रानात खरिपाची ज्वारी उभी, उंच, निसवायला आलेली. देशी कापसाला पिवळी फुलं. मूग-उडीद निघालेले. बांधावर अंबाडी. लोक जीव घेऊन ज्वारीच्या रानात लपले ते त्याच महिन्यात, मे मध्ये लपायला रानात काय असतंय?

तुम्ही सप्टेंबरातच या. देशी ज्वारी आता फार कुणी पेरत नाही, पण आधी सांगितलंत तर जूनमध्ये पाऊस पडल्यावर मी एक एकर पेरून ठेवतो. बियाणं घरचं आहे. अंबाडी तासाला तासाला लावतो. विजेचा खांब दिसणार नाही असं वढ्याच्या अंगाचं रान आहे, येडी बाभळ तोडून घेऊ.

माळवद

उमरगा तालुक्यात आमच्या सोयऱ्यांच्या गावाला एक जुनी गढी उभी आहे, आत दोन खण माळवदाचे अजून आहेत. वरून सिमेंटची टाकी आणि डिश आहे, ती काढू देतील, मी बोलतो. किलचं आणि सवणं आतून नीट दिसतात. पावसाळ्यात माळवद गळतं, त्यामुळे आधी चिखलमाती टाकून घ्यावी लागेल. आमच्याकडे एकच म्हातारा गडी आहे ज्याला ते येतं. त्याला ऑगस्टमध्येच बोलवा.

पडद्यामागे

तारीख सप्टेंबरवर नेतोय. शाळू भाऊ, बियाण्याचं आणि मशागतीचं आम्ही देऊ. जूनच्या आधी येऊन रान बघून जातो. गुरुजी, हाली सिक्के कुणाकडे बघायला मिळतील का? नक्कल करायला निदान दोन्ही बाजूंचे चांगले फोटो हवेत.

फसली

माझ्याकडे आहेत, आईच्या बटव्यातले. रुपया, आठ आणे, आणि दोन पैशांचं तांब्याचं नाणं. या, सावकाश फोटो काढा. कचेरीचे दोन उर्दू कागदही आहेत, वसुलीचे, वर शिक्का आहे.